पन्ह्याचे माप आणि लेसरचा मक्ता

बुलढाणा जिल्ह्यातील घाटाखालच्या औद्योगिक वसाहतींतून, म्हणजे खामगाव, नांदुरा, मलकापूर या पट्ट्यातील लहानमोठ्या कारखान्यांतून, यंत्रावरून धावणाऱ्या मालाची रुंदी त्याला स्पर्श न करता कशी मोजावी हा प्रश्न निघाला, की आजकाल त्याचे एकच उत्तर इतक्या निःशंकपणे दिले जाते की, विचारणाऱ्यालाच आपल्या अज्ञानाचा संकोच वाटावा. ‘लेसर बसवा,’ हे ते उत्तर. विक्रेता ते देतो, नुकताच पदवी घेऊन आलेला अभियंता ते देतो, आणि ज्याच्या खिशातून पैसा जायचा असतो तो मालकही, शेजारच्या कारखान्यात लाल ठिपका चमकताना पाहून आल्यावर, तेच उत्तर स्वतःला देऊन मोकळा होतो. या मताच्या पाठीशी जो युक्तिवाद आहे तो अगदीच पोकळ आहे असे मी म्हणत नाही. तसा तो असता तर त्याचा प्रतिवाद करण्यात शाई खर्च करण्याचे कारण नव्हते.

प्रतिपक्षाची कैफियत प्रथम प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ती अशी की, लेसरचा किरण रेखीव असल्यामुळे त्याचे विभेदन, म्हणजे ओळखता येणारा लहानात लहान फरक, दहा मायक्रॉनपर्यंत सहज पोचते. हे उपकरण सेकंदाला हजारो मापे देते. त्याचा मालाशी संबंध येत नाही, सबब झीज नाही, आणि झीज नाही त्या अर्थी देखभालही नाही. आणि सर्व यंत्रांवर एकाच जातीचा सेन्सर बसविला म्हणजे सुटे भाग, कामगारांचे शिक्षण आणि दुरुस्तीचा करार या तिन्ही बाबी एका दप्तरात मावतात. ऐकणाऱ्यास हे पटते, कारण यांतील प्रत्येक विधान कोठल्या तरी कारखान्यात, कोठल्या तरी मालावर खरे ठरलेले असते. हरकत आहे ती त्यांना सार्वत्रिक नियमाची सनद देण्याला.

विभेदनाचीच गोष्ट घेऊ, कारण कॅटलॉगच्या पहिल्या पानावर तेच जाड टाइपात छापलेले असते. रुंदी ही कधीही एका ठिकाणी मोजली जात नाही. तिला दोन कडा असतात, आणि बहुतेक योजनांत डाव्या कडेवर एक व उजव्या कडेवर एक असे दोन सेन्सर बसवून, त्या दोहोंमधील ठरावीक अंतरात दोन्हींची वाचने मिळवून किंवा वजा करून रुंदी काढली जाते. ते ठरावीक अंतर ज्या दांड्यावर अवलंबून असते तो दांडा पुष्कळदा अॅल्युमिनियमचा असतो, कारण तो हलका असतो आणि त्याला भोके पाडणे सोपे जाते. अॅल्युमिनियम दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या सुमारे 23 दशलक्षांशांनी वाढते. दोन मीटर लांबीचा असा दांडा, सकाळी पहिली पाळी सुरू होताना आणि दुपारी तीन वाजता पत्र्याचे छप्पर तापल्यावर, यांमधील केवळ पंधरा अंशांच्या फरकाने जवळजवळ 0.7 मिलिमीटर वाढतो. दहा मायक्रॉनची सूक्ष्मता सांगणारे उपकरण ज्या पायावर उभे आहे तो पायाच दिवसाकाठी सत्तर पट सरकत असेल, तर त्या दहा मायक्रॉनांना हिशेबात काय किंमत उरली? पोलादाचा दांडा वापरला तर ही चूक निम्म्याच्या आसपास येते. म्हणजे सेन्सरवर दुप्पट पैसा ओतण्यापेक्षा दांडा बदलणे, किंवा प्रत्येक पाळीच्या आरंभी ज्ञात रुंदीची एक प्रमाण पट्टी सेन्सरांखाली धरून शून्य जुळवून घेणे, हे अधिक फलदायी ठरते. ही प्रमाण पट्टीसुद्धा अशा प्रयोगशाळेतून तपासून आणावी की, जिच्या मापांची परंपरा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोचते. कॅटलॉगमधील विभेदन हे उपकरणाचे असते. कारखान्यातील याथार्थ्य संपूर्ण मांडणीचे असते, आणि त्या मांडणीत दांडा, रोलर, छप्पर व चैत्र-वैशाखाचे ऊन हे सर्व येतात.

आता ज्या बाबतीत हा लेसरपंथी सिद्धान्त पुरता उघडा पडतो त्या बाबीकडे येतो. ती म्हणजे माल. प्रतिपक्षाच्या साऱ्या युक्तिवादात मालाचा उल्लेखच नसतो, जणू काही मोजायची वस्तू कोणतीही असो, प्रकाश तिच्याशी एकाच रीतीने वागणार आहे. आपल्याच जिल्ह्यातील चार पदार्थ समोर ठेवले तरी या गृहीतकाचा फोलपणा दिसून येतो.

खामगावला रजतनगरी म्हणतात ते चांदीच्या बाजारामुळे. चांदीचा पाट रोलमधून काढून त्याच्या पट्ट्या पाडताना रुंदी चुकली, तर वाढीव भाग कापून पुन्हा मुशीत जातो आणि प्रत्येक वितळणीत घट येते; तेव्हा येथे रुंदीचे माप म्हणजे सरळ रोकड आहे. परंतु चकचकीत चांदी दृश्य प्रकाशाचा शेकडा नव्वदांहून अधिक भाग आरशाप्रमाणे परतविते. ज्या जातीचा लेसर सेन्सर पृष्ठभागावर ठिपका टाकून त्याचा विखुरलेला प्रकाश तिरक्या कोनातून पाहतो आणि त्रिकोणमितीने अंतर काढतो, त्याला येथे विखुरलेला प्रकाश मिळतच नाही. मिळते ते एक झगझगीत प्रतिबिंब, जे पट्टी किंचित झुकताच सेन्सरच्या डोळ्यात शिरते किंवा त्याला पूर्ण चुकविते. याउलट चांदी ही सामान्य तापमानाला सर्व धातूंत उत्तम वीजवाहक असल्यामुळे, तिच्यात प्रेरित होणाऱ्या भोवरी प्रवाहांवर चालणारा सेन्सर तिची कड स्वच्छ ओळखतो; त्याला चकाकीशी कर्तव्य नसते, तेलाचा ओघळ किंवा धुराचे पुट यांशीही नसते. पोलादाच्या मोठ्या कारखान्यांत पत्र्याची कड सांभाळण्यासाठी विद्युत्-चुंबकीय प्रेरणेवर चालणाऱ्या योजना वर्षानुवर्षे राबत आहेत त्या याच गुणामुळे. प्रकाशच वापरायचा असेल तर पट्टीच्या वरून नव्हे, खालून टाकावा आणि पट्टीची छाया मोजावी. छायेला चकाकी नसते.

दुसरा पदार्थ शेतकऱ्याच्या परिचयाचा आहे. कलिंगड, मिरची, टोमॅटो यांच्या गादीवाफ्यांवर अंथरला जाणारा मल्चिंग पेपर एका बाजूने चंदेरी व दुसऱ्या बाजूने काळा असतो. जाडी साधारणतः पंचवीस-तीस मायक्रॉन आणि रुंदी बहुधा 1200 मिलिमीटर. एकच पदार्थ, पण वरून पाहिला तर उजेड उधळतो आणि खालून पाहिला तर उजेड गिळतो, तेव्हा पृष्ठभागावरून परतणाऱ्या किरणावर विसंबणारा सेन्सर कोणत्या बाजूला बसवावा याचाच खल चालू राहतो. शिवाय पॉलिथिनची पारदर्शक फिल्म घेतली की प्रकाशाचा आरपार किरणही फसतो, कारण कडेच्या आत आणि कडेच्या बाहेर उजेडात पुरेसा फरकच पडत नाही. येथे ध्वनी उपयोगी पडतो. दोन शिंगांच्या मधून फिल्म जाते, एका शिंगातून अतिध्वनी निघतो, दुसरे शिंग तो ऐकते, आणि फिल्म जितकी आत येईल तितका आवाज मंदावतो. फिल्म काळी आहे, चंदेरी आहे की काचेसारखी निर्मळ, याची ध्वनीला गंधवार्ता नसते. फुग्याच्या पद्धतीने फिल्म बनविणाऱ्या यंत्रांवर फुग्याचा घेर राखण्यासाठी अतिध्वनीचे सेन्सर वापरण्याची प्रथा रूढ झाली ती काही कोणाच्या लहरीने नव्हे.

तरीही ध्वनीची वकिली करताना त्याचा दोष लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानाबरोबर बदलतो: वीस अंशांना तो सेकंदाला 343 मीटरांच्या आसपास असतो, तर पंचेचाळीस अंशांना 358 च्या. अंतर मोजणारा अतिध्वनी सेन्सर तापमानाची दखल घेत नसेल, तर वीस अंशांवर जुळविलेले त्याचे शंभर मिलिमीटरांचे वाचन शेगाव-जलंबच्या मे महिन्यात चार मिलिमीटरांहून अधिक चुकेल. घाटावर, बुलढाणा शहराच्या थंड हवेत, हीच चूक तितकी जाणवणार नाही. एकाच जिल्ह्यात, एकाच उपकरणाचे दोन ठिकाणी दोन स्वभाव. म्हणून अंतर मोजणारा घेतला तर तापमान-भरपाई असलेलाच घ्यावा, किंवा आवाजाच्या मंदपणावर चालणारा शिंगांचा घ्यावा, हे उघड आहे. फिल्मच्या बाबतीत एक आणखी गोम आहे, जिकडे लेसरवाल्यांचे लक्ष सहसा जात नाही. पॉलिथिन दर अंशाला आपल्या मापाच्या एक ते दोन दशसहस्रांशांनी प्रसरते. गुंडाळीच्या तोंडाशी फिल्म कोठारातील तापमानापेक्षा वीस अंशांनी उष्ण असेल, तर 1200 मिलिमीटरांचा पन्हा थंड झाल्यावर अडीच ते पाच मिलिमीटर आखडतो. जगातील कोणताही सेन्सर, प्रकाशाचा असो वा ध्वनीचा, ही चूक दुरुस्त करणार नाही, कारण ती चूकच नाही; ते त्या क्षणीचे खरे माप आहे. ज्याला थंड पन्हा विकायचा आहे त्याने उष्ण पन्ह्याचा हिशेब बांधून घ्यावा, हे शहाणपण दहा मायक्रॉनांच्या पलीकडचे आहे.

तिसरा पदार्थ शेडनेट. देऊळगाव राजा व सिंदखेड राजा या तालुक्यांत भाजीपाल्याच्या बीजोत्पादनासाठी शेडनेट मोठ्या प्रमाणावर उभारले जाते, आणि ते विणणाऱ्या यंत्रावर पन्ह्याचा प्रश्न असतोच. या जाळीतून प्रकाश पार होतो, ध्वनीही पार होतो, आणि लेसरचा तो कौतुकाचा सूक्ष्म ठिपका एकदा धाग्यावर पडतो व एकदा छिद्रातून निसटतो. परिणामी वाचन पिसाटते. किरणाची सूक्ष्मता येथे गुण राहत नाही, तिचा शुद्ध दोष होतो. जाळीला हवी असते बोथट, रुंद दृष्टी: पुष्कळ धागे आणि पुष्कळ छिद्रे एकदम पाहून त्यांची सरासरी काढणारी प्रकाशाची रुंद पट्टी, किंवा खालून प्रकाश देऊन वरून पाहणारा रेषा-कॅमेरा, ज्याची गणकप्रणाली पहिल्या धाग्याला कड न मानता धाग्यांच्या रांगेला कड मानते.

चौथा पदार्थ कापूस आणि त्याचे कापड. 1870 साली जलंबहून खामगावपर्यंत लोहमार्गाचा फाटा काढला गेला तो मुख्यतः कापसासाठी. आजही जिनिंगचा हंगाम आला की या भागातील हवेत रुईचे तंतू तरंगतात. कापडाच्या कडेवर सुटे धागे लोंबतात, पन्हा हवेतील दमटपणानुसार बदलतो, आणि म्हणूनच वस्त्र-परीक्षणासाठी भारतीय मानकांत 27 अंश तापमान व 65 टक्के सापेक्ष आर्द्रता असे वातावरण नेमून दिलेले आहे. इचलकरंजी, मालेगाव किंवा भिवंडीच्या प्रक्रियागृहांत स्टेंटरवरून, म्हणजे कापड ताणून वाळविणाऱ्या यंत्रावरून, निघणाऱ्या कापडाचा पन्हा राखणे म्हणजे या सुट्या धाग्यांना बाजूला सारून खरी किनार ओळखणे होय, आणि ती ओळख सूक्ष्मतेने होत नसते. ती विवेचक सरासरीने होते.

कापसाच्या तंतूंवरून ओघानेच त्या ‘झीज नाही म्हणून देखभाल नाही’ या विधानाकडे वळावे लागते. हे विधान मला सर्वांत अधिक हानिकारक वाटते, कारण ते मालकाच्या आळसाला शास्त्राचा मुलामा देते. चाक टेकवून मोजणारे जुने उपकरण झिजत होते हे खरे, पण झिजताना ते कुरकुरत होते, डगमगत होते, आणि फोरमनला ते कळत होते. प्रकाशावर चालणाऱ्या सेन्सरच्या भिंगावर मात्र तंतूंचा थर गुपचूप बसतो; छाया मोजणाऱ्या उपकरणाला तो थर म्हणजे मालाचीच वाढलेली कड वाटते, आणि तुम्हांस न सांगता पन्हा कागदोपत्री दोन मिलिमीटरांनी रुंदावतो. यावर संकुचित हवेचा झोत सोडण्याची तजवीज करतात. ती योग्य आहे. फक्त त्या हवेत कॉम्प्रेसरचे तेल व पाणी मिसळलेले असेल तर झोत भिंग साफ करण्याऐवजी त्यावर चिकट पुट चढवितो. उरलेली उणीव ओल्या फडक्याने भरून निघते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, नांदुरा-शेगावच्या बाजूला, विहिरीचे पाणी फडक्याला लावून भिंग पुसले की ते वाळल्यावर मागे राहणारा पांढुरका क्षार कोणत्याही कॅटलॉगमध्ये वर्णिलेला नसतो. तेव्हा संपर्करहित सेन्सरला देखभाल लागते, आणि ती चाकाच्या देखभालीपेक्षा अधिक सावध असावी लागते, हे मान्य करूनच खरेदीची दरखास्त लिहिली पाहिजे.

कॅमेऱ्याचे काही नवे भक्त येथे म्हणतील की, तुम्ही लेसरला हटविलेत ते बरे केलेत, आता आमचा कॅमेरा सर्वत्र बसवा. त्यांनाही माझी तीच हरकत आहे. रेषा-कॅमेऱ्यात 4096 बिंदू असले आणि तो 1200 मिलिमीटर पाहत असला, तर एका बिंदूच्या वाट्याला सुमारे 0.3 मिलिमीटर येतात. गणिताने त्याहून सूक्ष्म जाता येते, हे मान्य. परंतु मालापासून दोन मीटर उंचीवर बसविलेल्या साध्या भिंगाच्या कॅमेऱ्याखाली धावता पट्टा फडफडून दहा मिलिमीटर वर उचलला गेला, की तो कॅमेऱ्याला अर्ध्या टक्क्याने मोठा दिसतो, आणि 1200 चे 1206 होतात. येथे उपाय कॅमेऱ्यात नाही, रोलरमध्ये आहे: माल जेथे रोलरवर ताठ टेकलेला असतो तेथे मोजावे, दोन रोलरांमधील मोकळ्या अंतरात मोजू नये. आणि संध्याकाळी पश्चिमेचे दार उघडे राहून उन्हाची तिरीप थेट कॅमेऱ्याच्या दृष्टिपथात आली, तर सारी गणकप्रणाली निष्प्रभ होते. त्यावर औषध म्हणजे एक साधा पडदा, ज्याची किंमत निविदेत कोणी धरत नाही.

लेसरला न्याय द्यायचा तर हेही सांगितले पाहिजे की, समांतर प्रकाशाचा पडदा पाडून त्यातील छाया मोजणारी जी उपकरणे आहेत, मग त्यांचा दिवा लेसरचा असो वा एलईडीचा, ती अपारदर्शक, स्वच्छ कडेच्या मालावर अत्यंत उत्तम काम करतात. किरण समांतर असल्यामुळे माल वरखाली फडफडला तरी छाया मोठी-लहान होत नाही. कागद, पुठ्ठा, धातूची पट्टी, काळी फिल्म, हा त्यांचा खरा प्रांत. तेथेही पट्टा दोन अंशांनी तिरपा झाला तर 1200 मिलिमीटरांवर पाऊण मिलिमीटराच्या आसपास माप घटते, हे मात्र ध्यानात ठेवावे. लेसरचा मी विरोधक नाही; लेसरच्या मक्त्याचा आहे.

एकाच जातीच्या उपकरणाने दप्तर सुटसुटीत होते, या मुद्द्याला उत्तर देताना मला फारसा विचार करावा लागत नाही. चांदीवर प्रेरणेचा, फिल्मवर ध्वनीचा आणि पुठ्ठ्यावर प्रकाशाचा सेन्सर ठेवल्याने कोठारातील नोंदी तीन होतील हे खरे. परंतु तिन्हींवर लेसर ठेवल्याने त्यांपैकी दोन ठिकाणी मापच खोटे येत असेल, तर त्या सुटसुटीत दप्तरात आपण काय सांभाळून ठेवणार आहोत? वेगाचा मुद्दाही असाच. मिनिटाला साठ मीटर धावणारा माल सेकंदाला एक मीटर जातो. सेकंदाला शंभर मापे घेतली तरी दर दहा मिलिमीटरांवर एक माप पडते, आणि पन्हा इतक्या थोड्या अंतरात बदलत असेल तर दोष यंत्राच्या ताणात शोधावा. सेकंदाला हजारो मापांसाठी जो जादा पैसा मोजला जातो तो बहुधा हौसेच्या खाती लिहावा.

दुसऱ्या टोकाला उभे असलेले जे जुने सद्गृहस्थ म्हणतात की, गुंडाळीच्या शेवटी टेप लावून पाहिले म्हणजे झाले, त्यांच्याशी मला फार भांडायचे नाही. टेप गुंडाळीच्या शेवटच्या हाताचे माप सांगतो, आधीच्या चारशे मीटरांचे नाही. ज्या मालाच्या वेष्टनावर मापे लिहिणे आवश्यक ठरते तेथे 2009 चा वैधमापन कायदा व त्याखालील 2011 चे वेष्टित वस्तूंचे नियम लागू होतात, आणि निरीक्षकाने गुंडाळी मधून उलगडली तर टेपची साक्ष तेथे टिकत नाही. शेतकऱ्याच्या बाजूनेही पाहावे: चार फुटांचा म्हणून विकत घेतलेला मल्चिंग पेपर मधेच आखूड निघाला, तर गादीवाफ्याच्या दोन्ही कडांवर माती धरत नाही.

मग निवड करावी कशी? मी अनुक्रम उलटा करा असे सुचवितो. प्रथम कड पाहा: ती चकचकीत आहे, पारदर्शक आहे, जाळीदार आहे की तंतूंची, नंतर हवा पाहा: धूळ, तंतू, उष्णता, ऊन, नंतर माल कोठे स्थिर असतो ते पाहा, नंतर किती चूक परवडते ती रुपयांत मांडा, आणि या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर आल्यावरच, अगदी शेवटी, कोणत्या जातीचा सेन्सर घ्यावा हे विचारा. शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय 1983 पासून या जिल्ह्यात आहे. तेथे किंवा तत्सम संस्थेत एक लहानसा परीक्षण-मंच उभारून, स्थानिक कारखानदारांच्या मालावर निरनिराळ्या सेन्सरांची तुलना करून देण्याची सोय झाली, तर विक्रेत्यांच्या पुष्कळशा वक्तृत्वाला आळा बसेल.

ते होईपर्यंत कारखानदारांना माझी एकच विनंती आहे. विक्रेत्याच्या थंड प्रदर्शन-दालनात, त्याने निवडलेल्या मळकट-राखाडी पट्टीवर दाखविलेले प्रात्यक्षिक कबूल करू नका. आपला माल, आपले यंत्र, आपली शेड आणि वैशाखातील दुपार या चार अटींवर पंधरा दिवस उपकरण चालवून दाखवावे, आणि रोज सकाळ-दुपार प्रमाण पट्टीवरील वाचन रोजनाम्यात नोंदवून त्यावर दोघांच्या सह्या व्हाव्यात, असे करारात लिहून घ्या. जो विक्रेता या अटीला तयार होईल त्याच्याशी दराची बोलणी करा. जो नकार देईल त्याला बयाना देऊ नका.